समुद्र न दाखवणारी गाडी

गणपती गेले की आमचं रत्नागिरी स्टेशन ओस पडतं. आठवड्यापूर्वी जिथे पाय ठेवायला जागा नव्हती तिथे कुत्री आडवी पसरतात. चाकरमानी मुंबईला परतलेले असतात आणि त्यांच्यामागे फलाटावर सुतळीचे तुकडे, चिरडलेला तेरडा आणि कुणाच्या तरी पोराची एकच चप्पल उरते. पाऊस गेलेला नसतो, पण त्याचा जोर गेलेला असतो. मध्येच असं कडकडीत ऊन पडतं की जांभ्याच्या गडग्यांतून वाफ निघते. हळव्या भाताच्या लोंब्या पिवळ्या पडू लागतात, आणि घराघरांत म्हाळाचे वडे तळल्याचा वास सुटतो.

हा पितरांचा पंधरवडा कुणाला आवडत नाही. मला तर त्याची धास्तीच वाटते. कारण याच दिवसांत माझी थोरली बहीण, अक्का, कापडी पिशवी भरून माझ्या दारात उभी राहते आणि म्हणते, "चल गो नंदा, खेडला जाऊन येऊ."

खेडला आमचं रक्ताचं कुणी नाही. तरी मी शाळेत रजा टाकते आणि निघते. शाळेतल्या बाई विचारतात, "खेडला कोण तुमचं?" मी सांगते, "अक्काच्या ओळखीचे आहेत." यापेक्षा खरं उत्तर माझ्याकडे परवापरवापर्यंत नव्हतंच.

आमच्या रेल्वेचं मला लहानपणापासून हसू येतं. नाव कोकणचं आणि वाट डोंगरातली. मुंबईची मंडळी खिडकी पकडून बसतात, मोबाइल तयार ठेवतात आणि विचारतात, "समुद्र कुठल्या बाजूला येतो हो?" कुठल्याच बाजूला येत नाही. बोगदा येतो, कापलेला डोंगर येतो, पुन्हा बोगदा येतो. फार तर एखादी खाडी दिसते, तीही गढूळ. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. पूर्वी मी हे त्या लोकांना हसत हसत सांगायची. आता सांगत नाही. समुद्र न दिसणं हे एके काळी आम्हाला किती बरं वाटलं होतं, ते त्यांना काय सांगणार?

बऱ्याच वर्षांपूर्वी एका श्रावणात आम्ही याच गाडीने दक्षिणेकडे निघालो होतो. माझे भावोजी, अक्काचे यजमान, तांडेल होते. बोट नाखव्याची असते, पण समुद्रावर तिचा आणि तिच्यावरच्या माणसांचा धनी तांडेल. भावोजी उंच, सडसडीत, मितभाषी. एका बाबतीत मात्र आम्ही त्यांची फार चेष्टा करायचो, त्यांना नवी चप्पल कधी बसत नसे. दुकानात तासभर बसून शेवटी जुनीच घालून परत यायचे आणि म्हणायचे, "पाण्यात कशाला लागता चपला?"

हंगाम उघडला की पहिल्या दिवशी सगळे खलाशी तांडेलाच्या घरी जेवून निघतात, अशी आमच्या वाडीची रीत आहे. अक्का वाढायला उभी राहायची. जो सगळ्यांत नवा, त्याच्या पानात पहिलं वाढायचं. मग ओटीवर तांडेलाच्या पायांवर तांब्याभर पाणी घालायचं, आणि मागे वळून न बघता माणसं बंदराकडे चालू लागायची. परत येताना रीत उलटी. धक्क्याला लागल्यावर एकेक खलाशी उतरून घरी जाईपर्यंत तांडेल बोटीवरून हलत नाही. घरी भात निवत असला तरी नाही. "खलाशी आधी घरी, तांडेल मागनं," असं अक्काची सासू म्हणायची. तिला आम्ही सगळे आये म्हणत असू. ती स्वतः तांडेलाची बायको आणि तांडेलाची आई. हे वाक्य ती असं म्हणायची की जणू देवाने तिला एकटीलाच बोलावून सांगितलं असावं.

त्या वर्षी सगळ्यांत नवा होता निलेश. बावीस-तेवीस वर्षांचा, खेडच्या आतल्या एका गावचा, शेतकऱ्याचा पोरगा. त्याच्या गावचे बाकीचे मुंबई गाठतात. याला मुंबई मानवेना. कुणाच्या तरी ओळखीने भावोजींकडे आला आणि भावोजींनी त्याला ठेवून घेतलं. पहिल्या दिवशी अक्काने त्याच्या पानात पहिल्यांदा भात वाढला तेव्हा तो लाजून म्हणाला, "वयनी, बस. बोटीवर उलटी होईल." सगळे हसले. त्याला खरंच होणार होती, सगळ्यांनाच पहिल्या वेळी होते.

नारळी पौर्णिमा तेव्हा जवळ आली होती. पूर्वी समुद्राला नारळ दिल्याशिवाय कुणी बोट पाण्यात घालत नसे. आता सरकारची पावसाळी मासेमारीबंदी उठली की धंदा थांबत नाही. भावोजीही निघाले. वारा फिरला तेव्हा बऱ्याच बोटी माघारी आल्या, त्यांची एका खाडीचा आसरा घ्यायला गेली आणि खाडीच्या तोंडाशीच उलटली. काही जण पोहून वाचले. काहींची प्रेतं दुसऱ्या दिवशी मिळाली. मिळाले नाहीत ते दोघे, भावोजी आणि निलेश. वाचलेल्यांपैकी एकाने सांगितलं, "पोरगा भिऊन केबिनीत बसला व्हता. तांडेल त्याला आणायला परत आत गेले."

हे ऐकल्यावर वाडीतल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. माणूस केवढा, असं म्हणाल्या. आमच्या घरातल्या माणसाने परक्याचा मुलगा नेला आणि आणला नाही, एवढंच अक्काच्या तोंडावर लिहिलेलं होतं.

निलेशचे वडील खेडहून आले. सगळे त्यांना तात्या म्हणतात. धोतर, टोपी, हातात काळी छत्री. अंगणात येऊन त्यांनी आधी पाय धुतले, मग ओटीवर टेकले आणि आयेला नमस्कार केला. आम्ही वाट बघत होतो की आता बोलतील, शिव्या देतील, छाती पिटतील. तात्या म्हणाले, "शोधाया कुटं जायाचा, ता मना ठावं नाय. मी डोंगरातला. तुमी सांगाल तिकडं जाऊ."

शिव्या दिल्या असत्या तर अक्काला सोपं गेलं असतं, असं मला तेव्हाही वाटलं.

श्रावणातलं पाणी दक्षिणेकडे ओढतं, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. म्हणून अक्का, तात्या आणि मी, तिघं खाली निघालो. सकाळची पॅसेंजर, एक स्टेशन, उतरायचं. स्टेशनपासून समुद्र लांब, म्हणून एसटी, नाहीतर रिक्षा. बंदरावर जायचं, विचारायचं, फोन नंबर ठेवायचा. परत स्टेशन, परत गाडी. राजापूरला उतरलो तर गावच कुठे दिसेना, स्टेशनाभोवती नुसता डोंगर आणि धुकं. रिक्षावाला म्हणाला, "फिरायला काय? नाटे, आंबोळगड दाखवतो चला, मस्त बीच आहे." अक्का म्हणाली, "दाखव."

त्या काही दिवसांत अक्काने जेवढा किनारा पाहिला तेवढा जन्मात पाहिला नव्हता. मासळी सुकवणारी, जाळी विणणारी बाई. तिला फिरायला कोण नेणार? लग्न झाल्यापासून ती भावोजींच्या मागे लागली होती, एकदा मालवणला घेऊन चला, किल्ला बघायचाय. भावोजी म्हणायचे, समुद्रातनं रोज बघतो मी, काय नाय त्यात. आता ती बघत होती. माड, पुळण, पांढरीशुभ्र देवळं, पावसाने हिरवेगार झालेले कडे. इतकं सुंदर सगळं की संताप यावा. प्रत्येक पुळणीवर उतरलं की आम्हा तिघांची नजर आधी लाटेच्या रेषेवर जायची, जिथे समुद्र नको असलेलं सगळं आणून टाकतो. बाटल्या, तुटके दोर, एकेक बूट. काही काळं दिसलं की तिघंही त्या दिशेने चालू लागायचो. जवळ जाऊन बघावं तर ओंडका. मग हायसं वाटायचं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटायची. सापडावं म्हणून हिंडत होतो आणि न सापडल्याचा आनंद होत होता. परत गाडीत बसलो, खिडकीबाहेर डोंगर आला की तिघंही सैल व्हायचो. ही गाडी समुद्र दाखवत नाही याचे उपकार मी तेव्हा मानले.

डब्यात एकदा मुंबईच्या बायकांचा एक घोळका होता. पावसाळी सहलीला निघालेल्या. त्यांनी आम्हाला चिवडा दिला आणि विचारलं, "तुम्ही कुठे कुठे उतरणार?" तात्यांनी सरळपणे सांगितलं, "जितं गावंल तितं." त्यांना ते फार आवडलं. "असंच फिरायला पाहिजे, प्लॅन न करता," त्यातली एक म्हणाली. मला तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. तात्यांनी मात्र चिवड्याचे चार दाणे तोंडात टाकले आणि हात जोडून उरलेला परत केला.

तात्यांना समुद्राची माहिती नव्हती. लांबून पाहिलेला, कधीतरी जत्रेला जाताना. ते अक्काला लहान मुलासारखे प्रश्न विचारत. रात्री पानी थंड असता का? मासं माणसाला खातात का? एवढ्या मिठात माणूस खराब व्हतो का टिकतो? अक्का प्रत्येक प्रश्नाला उत्तर देई. खोटं. "पाणी कोमट असतं तात्या." "मासे भितात माणसाला." मी कोळ्याचीच मुलगी, मला खरं माहीत होतं. मी खिडकीकडे तोंड फिरवून बसायची.

एका देवळाच्या धर्मशाळेत मुक्काम पडला. संध्याकाळी पाऊस धरलेला, तिघं ओसरीवर. तात्या म्हणाले, "बाय, येक सांगू? तो गेला ता गेलाच. मना कळता. पन तेची आई दारात बसून हाय. तिला कायतरी नेऊन दाखवाया पायजे. हाडूक तरी. मानसाला आग मिलाया पायजे ना?"

अक्का म्हणाली, "मिळेल."

आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांचा काही दोष नाही. एका लहानशा पुळणीवर, सुरूच्या बनाखाली, निळं प्लॅस्टिक टाकून ठेवलं होतं. दुपारची वेळ होती, पण आभाळ भरून आल्यामुळे दिवस कळकट दिसत होता. कुत्र्यांना हाकलायला एक माणूस काठी घेऊन बसला होता. हवालदाराने कापूर दिला आणि म्हणाला, "चेहरा बघू नका. काही राहिलेलं नाही. दोघांतला कुठला ते सांगता आलं तर बघा. नाहीतर नमुने तपासायला पाठवावे लागतील, त्यात बरेच दिवस जातील."

मी पुढे गेले नाही. वासानेच मी पदर नाकाला लावून मागे थांबले. लांबून पाहिलं ते एवढंच. तात्या डोक्याकडच्या बाजूला बसले, अक्का पायांकडच्या. हवालदाराने प्लॅस्टिक बाजूला केलं. दोघांची अंगकाठी सारखीच होती, सडसडीत. कपडे समुद्राने नेलेले. कमरेला फक्त काळा करगोटा. तात्यांनी तो दोन बोटांत धरला. "ह्यो मीच बांदलेला," ते म्हणाले. "गावदेवीसमोर. पोर हिकडं यायच्या आदी मीच बांदलेला बाय." आणि मग, एकदम भिऊन, त्यांनी मान वर करून अक्काकडे बघितलं. करगोटा काय, आमच्या सगळ्या पुरुषांच्या कमरेला असतो. भावोजींच्याही होता. हे तात्यांच्याही ध्यानात आलं असावं.

अक्का पायांकडे बघत होती. बराच वेळ. मग म्हणाली, "होय तात्या. तुमचाच हाय. निलेशच हा."

डॉक्टर आले, जे करायचं ते तिथेच बनात केलं. त्या अवस्थेत प्रेत खेडला नेणं शक्य नव्हतं. गावातल्या लोकांनी लाकडं दिली. ओली लाकडं धुमसत राहिली, धूर आमच्याच अंगावर येत राहिला. अग्नी द्यायच्या आधी अक्का पुढे झाली. गाडीत प्यायला घेतलेली पाण्याची बाटली तिने पिशवीतून काढली आणि सगळं पाणी त्या पायांवर ओतलं. लोकांनी तिला वाट करून दिली. मला वाटलं, किती मोठं मन. स्वतःचा नवरा अजून समुद्रात आणि ही दुसऱ्याच्या पोराच्या पायांवर पाणी घालतेय.

परतीच्या गाडीत तात्या अस्थींचं गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते. मध्येमध्ये त्यावरून हात फिरवत होते. अक्का खिडकीला डोकं टेकून झोपली ती रत्नागिरी येईपर्यंत. तोंड उघडं, हात निर्जीव. इतक्या दिवसांत ती प्रथमच झोपली होती. मला जरा रागच आला. म्हटलं, हिच्या माणसाचा अजून पत्ता नाही आणि ही घोरतेय.

आम्ही पुढे पुन्हा शोधायला जाऊ असं मला वाटलं होतं. अक्का गेली नाही. "आता नको," म्हणाली.

त्यानंतरची वर्षं वाडीने पाहिली आहेत. अक्काने कुंकू ठेवलं, बांगड्या ठेवल्या, मंगळसूत्र ठेवलं. मिळालाच नाही तो गेला असं कोण म्हणणार? आयेने तर संध्याकाळ झाली की दारात बसून खाडीकडे बघायचा नेमच धरला. कुणी म्हटलं की पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी उरका, की ती वसकन अंगावर जायची, "माज्या झिलाचं दहन जित्तेपणी करता?" माणसं गप्प बसायची. वटपौर्णिमेला अक्का वडाला दोरा गुंडाळायची तेव्हा बाकीच्या बायका नजर वळवायच्या. काही कीव करायच्या, काही मागे हसायच्या. विधवेचं दुःख सगळ्यांना कळतं. त्या दुःखाला दिवस असतात, कार्य असतं, चार लोक येऊन बसतात. अक्काच्या दारात बसायला कुणी कधी आलंच नाही. सरकारदरबारीही तिचा नवरा ना जिवंत ना मेलेला.

आणि दर म्हाळाला खेड. अपघाताने गेलेल्यांचं चतुर्दशीला करतात. तात्या फोन करून बोलावतात आणि अक्का जाते. निलेशच्या आईने पहिल्याच वर्षी तिला मिठी मारून म्हटलं होतं, "तुज्यामुलं माजा पोर घरी आला गो."

यंदा वैशाखात आये गेली. दारातच, खाडीकडे तोंड करून. वाडीत सगळे हळहळले, म्हातारी वाट बघून बघून मेली.

यंदाच्या गाडीत डबा जवळजवळ रिकामा होता. वरच्या फळीवर कुणाची तरी विसरलेली हारांची पिशवी वाळत पडली होती. करबुड्याचा बोगदा लांब आहे, त्यात बोलता येत नाही. उजेडात आलो तसं अक्काने बाहेर बघत सांगितलं, "ते हेच होते."

"कोण?"

"सुरूच्या बनात जाळले ते. निलेश नव्हता. हे होते."

ती इतक्या शांतपणे बोलत होती की मला वाटलं, आयेच्या जाण्याने हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

"कशावरून?"

"पायावरून. डाव्या पायाचं बोट, अंगठ्याच्या बाजूचं, अंगठ्यावर चढलेलं. म्हणून चप्पल बसायची नाय त्यांना. दरवर्षी पाणी घालतंय मी त्या पायांवर. मी वळखणार नाय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तात्या करगोटा धरून बसले होते गो. त्यांच्या हातातनं काढून कसा घेऊ? पोरगा आमच्या घरनं जेवून गेला. माझ्या हातनं पहिलं पान घेऊन गेला. ह्यांनी नेला तो. ह्यांनीच परत द्यायला पायजे होता. नाय जमलं त्यांना. मग त्याच्या जागी ते स्वतः गेले, असं समजायचं."

मला राग आला. खोटं बोलणं चांगलं की वाईट हे मी वर्षानुवर्षं मुलांना शिकवतेय, आणि इथे मला धड रागावताही येईना. शेवटी जे तोंडात आलं ते बोलले, "आणि आये? ती बिचारी इतकी वर्षं दारात बसली. तिचा मुलगा होता तो. तिला तरी सांगायचं होतंस."

"आयेला पहिल्याच दिवशी सांगितलं. तुला सोडून घरी गेले तेव्हाच."

"मग?"

"मग म्हणाली, बरं केलंस. खलाशी आधी घरी, तांडेल मागनं. आणि म्हणाली, पण आता कुंकू पुसू नको. तू पुसलंस, आपण कार्य केलं, तर कुणाच्या तरी तोंडनं खेडपर्यंत जाईल. त्या म्हाताऱ्याला संशय येईल. माणूस मिळाला नाय म्हणून वाट बघतंय, असंच दिसायला पायजे." अक्काने पदराने तोंड पुसलं. "म्हणून ती दारात बसायची. तिन्हीसांजेला, सगळ्यांना दिसेल असं. आत आल्यावर रडायची."

मला त्या सगळ्या संध्याकाळी आठवल्या. आम्ही येता-जाता म्हणायचो, आये, आत जा, दव पडतंय. ती म्हणायची, येईल गो, आज येईल. दोन बायका, एकीचा मुलगा आणि एकीचा नवरा जळून गेलेला, आणि रोज दिवेलागणीला त्याची वाट बघण्याचं काम करताहेत. शिवाय हे सगळं कुणासाठी, तर डोंगरातल्या एका घरासाठी, जिथे मुलाच्या म्हणून नेलेल्या अस्थी भलत्याच्याच.

"आणि निलेश?" मी विचारलं.

चिपळूण आलं, गेलं.

"तो बाहेरच हाय," ती म्हणाली. "ते मला रोज दिसतं. कुणीतरी एक बाहेर राहणारच होतं."

खेडला उतरलो. जगबुडी नदीला लाल पाणी होतं. रिक्षाने आत गेलो. तात्या आता वाकले आहेत, छत्री तीच आहे. अंगणात तुळशीशेजारी सारवलेलं. घरात निलेशचा फोटो, त्याला झेंडूची माळ. काकींनी, म्हणजे निलेशच्या आईने, वडे, काळ्या वाटाण्याची आमटी, भोपळ्याची भाजी, खीर असं सगळं केलं होतं. फोटोपुढे अक्काने डोकं टेकलं आणि या वेळी मला ते बघवेना, कारण आता मला माहीत होतं की ती कुणापुढे टेकते आणि कुणाची माफी मागते.

परड्यात कावळ्यासाठी पानं मांडायला तात्या निघाले. दरवर्षी एकच असायचं, यंदा दोन पानं. "ह्या पोराचा," त्यांनी एक दगडावर ठेवलं. "नि ह्या तुमच्या तांडेलाचा. बाय, यंदा म्हातारीपन गेली. तांडेलाच्या नावाचा घास घालाया आता घरात तसा कोन ऱ्हायलाय? तवा दोगं हितंच जेवू देत. बिचारा आजून घरी नाय आला." त्याच परड्यातल्या माडाच्या मुळाशी त्यांनी त्या वर्षी थोडी राख पुरली होती.

आम्ही लांब उभे राहिलो. ऊन भयंकर होतं. फणसावर दोन कावळे बसले होते, काव काव करत होते, उतरत नव्हते. मग एक उतरला. दोन उड्या मारल्या, मान तिरकी करून दोन्ही पानं बघितली आणि सरळ भावोजींच्या पानापाशी गेला.

अक्का धावली. "हाड्! हाड्!" ती ओरडली, आणि पदर झटकून तिने कावळा उडवला.

काकींनी कपाळाला हात लावला. तात्या म्हणाले, "आगो बाय, काय करतंस? म्हालाचा कावला कुनी हाकलता काय?"

अक्का भावोजींच्या पानासमोर उभी राहिली, दोन्ही हात आडवे पसरून.

"आधी त्याचं," ती म्हणाली. "आधी तो जेवू दे."

आम्ही उन्हात तसेच उभे राहिलो. कावळा फणसावरून आमच्याकडे बघत होता. पुष्कळ वेळाने तो पुन्हा उतरला, निलेशच्या पानावर आला, वड्याला चोच लावली आणि वडा उचलून उडाला. मग अक्का बाजूला झाली.